आतून सडपातळ

ड्रिलमास्तरांनी त्या दिवशी तोंड मिटून ठेवलं असतं, तर पुढे त्याच तोंडातून थेंब थेंब लाळ काढत बसायची पाळी त्यांच्यावर आली नसती. पण तोंड मिटून ठेवेल तो ड्रिलमास्तर कसला! उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मग टाळ्यालाच कोरड पडली.

झालं असं, की शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होती. व्हरांड्यात वजनकाटा मांडलेला. सगळ्यांची वजनं झाली, आणि कुठल्या तरी कार्ट्यानं मागून आवाज टाकला, "सर! आता सर!" लगेच अख्ख्या वर्गानं टाळ्यांचा ठेका धरला. मास्तर मोठ्या मनाचे. बूटसुद्धा न काढता ते काट्यावर उभे राहिले. काट्यानं एक पूर्ण फेरी मारली, शून्य ओलांडलं आणि सातावर येऊन दम खाल्ला. "सरांचं वजन सात किलो!" पोरं किंचाळली. मुलांनी मास्तरांचं नाव आधीच 'रोलर' ठेवलेलं होतं, मैदान सपाट करायचा असतो तो. त्यात आता ही भर. मास्तरही हसले, कारण न हसून सांगता कोणाला. पण ऑफिसच्या खिडकीत मोठ्या बाई उभ्या होत्या, आणि त्या हसत नव्हत्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. ओरडणं त्यांना माहीतच नव्हतं. त्या इतक्या हळू बोलत, की समोरच्याला आपली चूक ऐकायला स्वतःहून पुढे वाकावं लागे.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पुढच्या सत्रापासून मैदान गणिताच्या बाईंकडे देते. तुम्ही साहित्याची खोली सांभाळा. बसून काम आहे. तुम्हाला बरं पडेल."

बसून काम! आयुष्यभर मैदानावर उभा राहिलेला माणूस हा. आता खरं बोलायचं तर गेली काही वर्षं ते मैदानावर बसूनच असत, झाडाखाली स्टुलावर, शिटी तोंडात धरून. पण ते मैदानावरचं बसणं होतं. मैदानावर बसणं वेगळं आणि फाटक्या जाळ्या, पंक्चर झालेले चेंडू यांच्यात बसणं वेगळं. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं ही गोष्ट वाचूच नये. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. होतं ते मैदान. सकाळी दव पडलेल्या मैदानावर चुन्याची पहिली रेघ मारताना त्यांना जे वाटायचं ते त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

त्यामुळे तोंडातून निघून गेलं, "बाई, मी नुसता दिसायला जाड आहे. आतून नाही."

"आतून म्हणजे?"

आता आली का पंचाईत! पण मास्तरांनी आदल्याच दिवशी न्हाव्याच्या दुकानात, नंबर लागेपर्यंत, पेपरात काही तरी वाचलं होतं. "बाई, हल्ली शोध लागलाय. लठ्ठपणानं माणसाचं आत काय काय बिघडलंय ते लाळेतून कळतं. लाळ, घाम, अश्रू. दुधाचं दूध नि पाण्याचं पाणी."

"मग आणा तपासून," त्या म्हणाल्या. "शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या आधी. आतून ठीक निघालात तर मैदान तुमचं."

मास्तर छाती काढून बाहेर पडले. म्हणजे छाती काढायला गेले, पुढे आलं ते पोट.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "अहो, कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त देऊन या की. लाळ कशाला गाळत बसताय?"

प्रश्न बिनतोड होता, आणि उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. मास्तर सुईला भितात. शाळेत लस टोचायला डॉक्टर आले, की हेच मास्तर रांगेतल्या पोरांना "छाती पुढे! रडतोस काय बायकांसारखा!" म्हणून दम द्यायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. हे गुपित फक्त बायकोला माहीत होतं, आणि भांडणात ते कधीही न वापरण्याचा मोठेपणा तिनं इतकी वर्षं दाखवला होता. त्या संध्याकाळीही दाखवला. नुसतं भुवया वर करून ती भांडी आवरायला निघून गेली. ते जास्त लागलं.

तपासणी होती मेडिकल कॉलेजात. मास्तर सकाळीच जाऊन थडकले. खालच्या खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "काय आहे?"

"लाळ," मास्तर म्हणाले.

"लाळ इथे नाही. लाळ दुसऱ्या मजल्यावर. इथे थुंकी."

"फरक काय?"

"थुंकी म्हणजे खोकल्याची. तुम्हाला खोकला आहे?"

"नाही."

"मग कशाला वेळ घालवताय?"

दुसऱ्या मजल्यावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती. तिचं काय नाव असेल ते असो, मास्तरांच्या घरात ती शेवटपर्यंत 'लाळवाली' म्हणूनच ओळखली गेली. फार गोड बोलायची. तिनं समजावून सांगितलं, की चरबी नुसती पोटावर बसून राहत नाही. आत सूज आणते, साखरेची घडी विस्कटते, आणि त्याच्या खुणा शरीरातल्या सगळ्या पाण्यांत उतरतात. म्हणून लाळ हवी, घाम हवा, अश्रू हवेत, लघवीही हवी.

"म्हणजे सगळंच?"

"रक्त सोडून सगळं."

मास्तरांना तिचे पाय धरावेसे वाटले.

"घाम आत्ताच घेऊ," ती म्हणाली. "जरा जिना चढून-उतरून या, म्हणजे सुटेल."

"चढूनच आलोय," मास्तर म्हणाले. तिनं वर बघितलं आणि बघतच राहिली. पाठीवर चिकटवायची पट्टी तिनं तीनदा चिकटवली, तिन्ही वेळा ती घामानंच वाहून खाली आली. शेवटी तिनं ती हातानं दाबून धरली. "पुरे, पुरे," ती म्हणाली, "यात दोघांचं काम होईल." लघवीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. या सगळ्या प्रकरणात बिनबोभाट पार पडलेली ती एकच गोष्ट.

लाळ आणि अश्रू मात्र घरून आणायचे होते. लाळेसाठी तिनं एक नळी दिली आणि नियम सांगितले. उपाशीपोटी. दात न घासता. लिपस्टिक न लावता. (मास्तरांनी लिपस्टिक लावली नाही. नियम म्हणजे नियम.) रेघेपर्यंत भरायची, फेस चालणार नाही, आणि बर्फात ठेवून तासाभरात आणून द्यायची. अश्रूंसाठी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या दिल्या. खालच्या पापणीत अडकवायच्या आणि रडायचं.

"कांदा चालेल?"

"नाही सर. कांद्याचं पाणी वेगळं. खरं रडू पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर नळी हातात घेऊन खुर्चीत बसले. आयुष्यभर शिटी भरेल एवढी लाळ गाळलेला माणूस. पण नळी ओठांशी नेली, आणि तोंडचं पाणी जे पळालं ते पळालंच. जीभ म्हणजे पायपुसणं. बराच वेळ खटपट करून जे निघालं तो शुद्ध फेस होता, आणि तोही डोळ्यांदेखत विरून गेला.

तोवर ही बातमी जिन्यानं वर गेली होती. वरच्या मजल्यावर कंपाउंडर काका राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नसे, म्हणून ते न विचारता सांगत. ते बनियनवरच खाली उतरले.

"लिंबू," दारातच ते म्हणाले. "पण चाटायचं नाही हां. आंबटानं नमुना बिघडतो. नुसतं बघायचं. वहिनी, तुम्ही यांच्यासमोर बसून लिंबू खा."

बायकोनं लिंबू चिरलं. ती समोर बसली आणि डोळे मिचकावत फोडी चोखायला लागली. कंपाउंडर काकांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शेजारणीच्या तोंडाला सुटलं. शेजारणीच्या कडेवरचं पोर तर हनुवटीपर्यंत ओलं झालं. जिन्यात उभा असलेला जो तो घोट गिळत होता. कोरडे ठणठणीत राहिले ते एकटे मास्तर.

"यांचं काही तरी बिघडलंय आतून," शेजारीण हळूच म्हणाली. हळूच म्हणजे जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू.

"तुम्ही रागवा कोणावर तरी," काका म्हणाले. "रागानं लाळ सुटते. कुत्र्यांचं नाही का?"

मास्तर रागावले. लाळ सुटली नाही. मात्र काका दोन दिवस बोलले नाहीत. त्या सगळ्या खटपटीतून हाती लागलं ते एवढंच.

तेव्हापासून ती नळी मास्तरांच्या अर्ध्या चड्डीच्या खिशातच राहू लागली. न जाणो, कधी कुठे सुटेल. मास्तर उपाशी राहू लागले. सकाळी उपाशी, दुपारी उपाशी, न जाणो! गंमत म्हणजे या तपासणीपायी त्यांचं वजन थोडं उतरलं असावं, पण शाळेच्या काट्यावर ते कळणार कसं? तो पुन्हा सातच सांगायचा.

अश्रूंचं काम त्यामानानं अवघड जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. मास्तर रडणारा माणूस नव्हे. आई गेली तेव्हाही त्यांनी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, पाहुण्यांच्या चपला जोड्यांनी लावत बसले होते. रविवारी संध्याकाळी पापणीत पट्टी अडकवून ते पलंगावर बसले, आणि बायको त्यांना एकेक दुःखाची आठवण करून द्यायला लागली. एकही लागू पडेना. अबोला सोडून कंपाउंडर काकाही येऊन बसले. कोणी रडणार म्हटल्यावर त्यांना घरी बसवेना. बोलायला विषय नव्हता म्हणून ते भिंतीकडे बघायला लागले. तिथे एक फोटो होता. काळा-पांढरा. सडसडीत पोरगा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, दोन्ही हात वर करून छातीनं फीत तोडतोय.

"झकास आहे," काका म्हणाले. "हा कोण? वहिनींचा भाऊ का?"

बायको पदराशी चाळा करायला लागली. काकांना काही कळेना. "काय झालं? वारला का?"

आणि मास्तरांच्या डोळ्यांतून धार लागली. पट्टी भिजली, दुसरी लावली, तीही भिजली, आणि पट्ट्या संपल्या तरी पाणी थांबेना. बायको उठली आणि तिनं फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ मोठी होती, हात एका जागी ठेवून पुरा पडत नव्हता, म्हणून ती तो फिरवत राहिली. काका "अरे, अरे, मी काय बोललो?" म्हणत उठले आणि दार हळू ओढून घेऊन गेले. तेवढी समज त्यांना होती.

आता राहिली लाळ. ती सुटली मोठ्या बाईंच्या ऑफिसात.

स्पर्धा तोंडावर आल्या होत्या, आणि रेघा कोणत्या दिवशी मारायच्या ते विचारायला मास्तर मधल्या सुट्टीत आत गेले. मोठ्या बाईंनी नुकताच डबा उघडला होता. बटाट्याच्या काचऱ्या. कडेनं कुरकुरीत, मधे मऊ, वर मीठ चमकतंय. मास्तर आदल्या रात्रीपासून उपाशी. तोंडात काही तरी सरसरलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि इतके दिवस ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते धो धो येऊन गालात भरलं.

"बोला मास्तर," मोठ्या बाई म्हणाल्या.

बोलणार कसं? बोललं तर गिळावं लागेल, गिळलं तर मैदान गेलं. मास्तरांनी एक बोट वर केलं, खिशातून नळी काढली, बाईंकडे पाठ केली आणि मान खाली घातली. कोपऱ्यातल्या कपाटाच्या काचेत मात्र बाईंना सगळं दिसत होतं. तीन वेळा गालात साठवून, फेस न होऊ देता, धारेनं मास्तरांनी नळी रेघेपर्यंत भरली. एवढ्या एकाग्रतेनं त्यांनी जन्मात दुसरं काही केलं नसेल. टोपण लावून ते वळले तेव्हा मोठ्या बाईंनी डब्याचं झाकण लावलेलं होतं. घास तसाच हातात होता.

"हेच ते का?" त्यांनी विचारलं.

"हो बाई. फार छान आलंय." मास्तरांनी नळी उजेडात धरून दाखवली. का दाखवली, हे त्यांना नंतर कित्येक दिवस कळत नव्हतं.

पुढचं सगळं पळापळीचं. तासाभरात बर्फातून पोचवायची. शाळेत बर्फ कुठला? मास्तर बाजारात धावले. धावले म्हणजे घाईनं चालले. मासळीवाल्या बाईच्या पाटीतला बर्फ मागून घेतला, पाण्याच्या थर्मासात भरला, नळी आत खोवली. दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा लाळवालीनं झाकण उघडलं आणि मान मागे घेतली.

"सर, यात मासा आहे?"

"बर्फाला वास आहे. लाळ माझीच आहे." आणि मग आवाज एकदम खाली आला. "घ्या ना. पुन्हा नाही यायची ती."

तिनं घेतली. त्या एका गोष्टीसाठी मास्तरांनी तिला मनोमन आशीर्वाद दिले.

निकाल आणायला नवरा-बायको दोघं गेले. बायकोनं येणार म्हणून सांगितलं नव्हतं, नुसत्या चपला घातल्या. जिन्यात ती एकदा म्हणाली, "काहीही निघालं तरी आपण घरी जाऊन जेवायचं हां." म्हणजे किती दिवस ती आत घाबरून होती, हे मास्तरांना तिथं जिन्यात कळलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, प्रश्न मैदानाचा आहे.

लाळवालीनं कागद वाचले, पुन्हा वाचले. "सर, सूज नाही. साखरेचं ठीक आहे. सगळं मर्यादेत आहे. आश्चर्यच आहे." मग तिनं बोट उगारलं. "आज ठीक आहे म्हणजे उद्याही राहील असं नाही हां. वजन उतरवायलाच पाहिजे."

पुढचं मास्तरांनी ऐकलंच नाही. आतून सडपातळ! सरकारी कॉलेजचा शिक्का! बायको तिथंच बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसली का रडली ते काही कळलं नाही.

सोमवारी मास्तरांनी तो कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. दोन हातांनी ठेवला. बाईंनी शांतपणे वाचला.

"म्हणजे तुम्हाला काहीच आजार नाही."

"काडीचा नाही, बाई."

"छान. मला समाधान वाटलं." त्यांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं तुम्ही शिटी वाजवता आणि मुलं धावतात. मी काही बोलत नव्हते. म्हटलं, माणूस आजारी असेल, सांगायला लाजत असेल. आजारी माणसाला सवलत असते, मास्तर. निरोगी माणसाला काम असतं. मैदान तुमचं. उद्या सराव आहे ना? पहिली फेरी तुम्ही मुलांबरोबर धावा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंगळवारी सकाळी अख्खी शाळा मैदानावर होती. व्हरांड्यात मोठ्या बाई, शेजारी गणिताच्या बाई. मास्तर रांगेच्या सगळ्यात पुढे उभे राहिले. त्यांनी शिटी फुंकली आणि निघाले.

पहिलं वळण त्यांनी बरं घेतलं. दुसऱ्या वळणापर्यंत छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. मागून चारशे पावलांचा आवाज येत होता, तो हळूहळू मंदावत गेला. मास्तरांना वाटलं, पोरंही दमली. चला, म्हणजे आपण एकटेच नाही. समोरच्या बाजूला पोचता पोचता पायच उचलेनात. ते थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि तसंच वाकून त्यांनी मागे पाहिलं.

कोणी दमलेलं नव्हतं. सगळी शाळा त्यांच्यामागे, एकामागे एक, जागच्या जागी पाय आपटत उभी होती. छाती पुढे, नजर समोर. मागची लहान पोरं पुढच्यांच्या पाठीवर आपटत होती, पण रांग मोडत नव्हती.

"थांबलात का रे? जा ना पुढे," मास्तर धापा टाकत म्हणाले.

त्यांच्या लगेच मागे असलेली सहावीतली मुलगी म्हणाली, "सर, लीडरच्या पुढे जायचं नाही."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

खरंच होतं. या एका नियमावर त्यांनी कितींना उन्हात उभं केलं होतं. आणि पोरंही अशी पक्की, की तो नियम त्यांच्यासाठीसुद्धा मोडायला तयार नव्हती. ती दिवसभर अशीच उभी राहिली असती. त्या मुलीचे पाय नुसते शिवशिवत होते. पायाच्या बोटांवर उभी राहून ती खाली-वर होत होती, पण पाऊल पुढे टाकत नव्हती.

मास्तरांनी व्हरांड्याकडे पाहिलं नाही. तिथून कोणी काही म्हणालंही नव्हतं. खिशात कागद होता, शिक्का होता, मैदान त्यांचं होतं. त्यांनी गळ्यातली शिटी काढली, सदऱ्याला पुसली, त्या मुलीच्या गळ्यात घातली आणि आपण स्वतः मारलेल्या चुन्याच्या रेघेच्या बाहेर पाय टाकला.

"आता लीडर तू," ते म्हणाले. "धाव."

ती उधळलीच. तिच्यामागे सगळी रांग सुटली, धुरळा उडाला, वाऱ्यासारखी पोरं त्यांच्या अंगावरून गेली आणि बघता बघता पलीकडच्या वळणाला लागली. मास्तर रेघेबाहेर उभे राहून बघत होते. एकानं तरी वळून बघावं असं त्यांना फार वाटलं. पण धावताना मागे वळून बघायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. कोणी बघितलं नाही.